पाचवं विधान

"मॅम, माझ्यात गर्व करण्यासारखं फारसं काही नाही, हे तर चांगलंच आहे ना? म्हणून मी 'पूर्णपणे सहमत'वर टिक केली."

गोंदियाकडची मुलगी, बी.ए. दुसरं वर्ष. अगदी सरळ मनानं सांगत होती. माझं पेन तिथंच थांबलं. आत्मसन्मान मोजायच्या माझ्या फॉर्मवरच्या त्या पाचव्या विधानाला 'पूर्णपणे सहमत' म्हटलं की आमच्या गुणदानात सर्वांत कमी गुण पडतो. म्हणजे या मुलीला स्वतःबद्दल काही बरं वाटत नाही, असं कागद म्हणणार. आणि ती तर घरून शिकून आलेली एक चांगली सवय सांगत होती. "आमची आजी म्हणते ना, गर्वाचं घर खाली," असंही तिनं वर जोडलं.

माझ्या घरी तेव्हा तीन कॉलेजांतून भरून आलेले फॉर्म गठ्ठे बांधून पडले होते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून मी ते एकेक करून संगणकात भरले होते. त्या सगळ्यांत हेच पाचवं विधान, याच शब्दांत.

थोडं मागून सांगते. मी नागपुरात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते आणि सोबत पीएच.डी. करते. विषय ऐकला की नातेवाईक गप्प होतात, म्हणून सोप्या भाषेत सांगायची सवय झालीय: माणसाच्या मनातलं मोजायला जे प्रश्नांचे फॉर्म असतात, ते खरंच मोजतात का, हे मी तपासते. किराणा दुकानातला काटा वजन-माप विभागाचा माणूस येऊन तपासतो, तसंच. फरक इतकाच, की त्याच्याकडे एक किलोचं प्रमाणित वजन असतं. आत्मसन्मानाचं प्रमाणित वजन कुठल्याच कपाटात ठेवलेलं नाही. त्यामुळे आडवळणानं जावं लागतं.

माझ्याकडची मापनी, म्हणजे मोजायचा फॉर्म, अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची. १९६५ची. न्यूयॉर्क राज्यातल्या १० शाळांमधल्या पाच हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर त्यांनी ती वापरली होती. फक्त १० विधानं, ५ स्वतःबद्दल चांगलं बोलणारी आणि ५ वाईट. प्रत्येकापुढे 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत चार पर्याय. एकूण गुण १० ते ४०. पाच मिनिटांत भरून होते, संशोधनासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, म्हणून जगभर हीच फिरते.

आपल्याकडेही फिरते. माझ्या हातात आला तो तिचा मराठी अनुवाद वर्षानुवर्षं झेरॉक्सवरून झेरॉक्स होत आलेला होता. मूळ कोणी केला ते कागदावर नाही. भाषेवरून मला पक्कं वाटतं की तो आधी हिंदीत झाला आणि हिंदीवरून मराठीत उतरला. इंग्रजीत जिथं 'प्राउड' आहे, तिथं त्यात 'गर्व' होता.

मी तो जसाच्या तसा उचलला नाही, एवढं स्वतःच्या बाजूनं सांगते. पुस्तकात दिलेली रीत मी पाळली. १९७०मध्ये ब्रिस्लिन यांनी उलट अनुवादाची पद्धत मांडली. एकानं इंग्रजीतून मराठीत करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं मराठीवरून पुन्हा इंग्रजीत आणायचं आणि मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून पाहायचं. आमच्या कामात 'गर्व'चं परत 'प्राईड' झालं. दोन्ही कागद जुळले, आम्हाला आनंद झाला. दोन भाषा येणारा शिकलेला माणूस 'गर्व' वाचतो तेव्हा त्याच्या डोक्यात इंग्रजी शब्द आधीच तयार असतो, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. शब्द गेला तसाच परत आला. वाटेत काय झालं ते दिसायला आजी लागली.

मग आला अल्फा. मानसशास्त्रात एम.ए. केलेल्या कोणालाही हा शब्द झोपेतही आठवेल. ली क्रॉनबॅक यांचा १९५१चा गुणांक. मापनीतली विधानं एकमेकांच्या सोबतीनं चालतात का, ते तो सांगतो. आमच्याकडे रिवाज असा की ०.७०च्या वर आला की 'मापनी विश्वसनीय आहे' असं एक वाक्य लिहायचं आणि पुढच्या प्रकरणाला लागायचं. माझा ०.७०च्या वर होता. जामोवी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात दोन क्लिक केल्या आणि आकडा आला. मी आईला फोन करून सांगितलं, झालं बरं का.

झालं नव्हतं. आणि का नव्हतं, हे मला इथं नीट लिहून ठेवायचंय, कारण माझ्यासारखेच फॉर्म वाटत फिरणारे पुष्कळ जण आहेत.

अल्फा दोन गोष्टींवर चढतो. एक, विधानांचा आपसातला सहसंबंध, म्हणजे एकाचं उत्तर बदललं की दुसऱ्याचंही सोबतीनं बदलतं का ते. दोन, विधानांची नुसती संख्या. समजा सरासरी सहसंबंध ०.३० आहे, म्हणजे काही फार नाही. ५ विधानं असतील तर अल्फा ०.६८. तितकाच सहसंबंध ठेवून १० केली की ०.८१. २० केली की ०.९०. विधानांमधला संबंध तसूभरही वाढला नाही, फॉर्म लांबला फक्त. एकच गोष्ट चार तऱ्हेनं विचारली तरीही अल्फा फुगतो.

आता माझ्या बाबतीत काय झालं ते पाहा. १० पैकी ९ विधानं एकमेकांशी ०.३०नं जोडलेली आहेत आणि दहावं कोणाशीच जोडलेलं नाही, पार मेलेलं आहे असं धरा. कागदावर हिशोब करून पाहिला. अल्फा तरी ०.७६ निघतो. वर्गात नऊ मुलं सुरात म्हणत असली की दहाव्याचं ओठ हलवणं ऐकू येत नाही, तसं. ०.७०चा उंबरठा ज्यांच्या नावावर आपण खपवतो, त्या मानसमापनतज्ज्ञ ननली यांनी १९७८मध्ये तो संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यापुरता सांगितला होता. एखाद्या माणसाबद्दल त्या गुणांवरून निर्णय घ्यायचा असेल, तर ०.९०सुद्धा कमीत कमी आहे, असं त्यांचंच म्हणणं. हे मी स्वतः वाचलं तेव्हा माझी चौथी तासिका हुकली होती.

एकेका विधानाचा उरलेल्यांशी संबंध दाखवणारा तक्ता मी फार उशिरा उघडला. पाचव्या विधानापुढचा आकडा शून्याच्या आसपास घुटमळत होता. आठवं विधानही अशक्त होतं, पण पाचवं सपशेल वेगळं. आधी वाटलं, आकडे भरताना चुकले असेन. गठ्ठे पुन्हा सोडले, पडताळले. बरोबर होते. मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना दाखवलं. त्या म्हणाल्या, "विधान काढून टाक, अल्फा वाढेल." पुस्तकाप्रमाणे बरोबर सल्ला. तरी माझं मन मानेना. दहा विधानांतून एक काढलं की ती मापनी मग दुसऱ्या कुठल्या अभ्यासाशी ताडून पाहायची सोय राहत नाही. आणि हे असं का वागतं, ते कळलेलंच नसतं.

म्हणून मी मुलांनाच बोलावायचं ठरवलं. एकेकाला समोर बसवायचं, विधान मोठ्यानं वाचायला सांगायचं आणि डोक्यात जे येईल ते बोलायला सांगायचं. टिक का केली, शब्दाचा अर्थ काय घेतला, दुसरं कोणतं उत्तर मनात आलं होतं. याला नाव आहे, पद्धत आहे, पण मुळात ते निवांत बसून विचारणंच आहे. जागा मिळेना. शेवटी लायब्ररीच्या बाजूच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकल्या आणि चहाचा खर्च माझा. बारा मुलं-मुली आली. नागपूर, भंडारा, गोंदिया, वर्धा, एक मुलगा थेट सिरोंच्याकडचा.

पहिलीच ती आजीवाली. दुसऱ्या दिवशी नागपुरातल्याच इतवारीतला एक मुलगा आला, घरी हिंदी, शाळा हिंदी माध्यमाची, कॉलेजात मराठी मित्र. त्यानं पाचवं विधान वाचलं आणि चेहरा पाडला. "ये तो है मॅम. गर्व करण्यासारखं काय आहे माझ्याजवळ? बारावीला दोनदा बसलो." त्याचंही उत्तर 'पूर्णपणे सहमत'. तीच टिक, त्याच रकान्यात. एकीची नम्रता आणि एकाचं दुखणं, कागदावर दोन्ही एकच. हे ऐकून मी घरी गेले ती जेवलेच नाही नीट.

नागपूरचं हे असंच आहे. मराठीत गर्व म्हणजे ताठा, गर्विष्ठ माणूस कोणाला आवडत नाही. हिंदीत गर्व म्हणजे आनंदानं छाती भरून येणं, आईबापाला मुलाचा वाटतो तो. इथल्या पोरांच्या तोंडी दोन्ही भाषा एकाच वाक्यात येतात, त्यामुळे कोणता गर्व कोणाच्या मनात आहे ते आडनावावरून किंवा माध्यमावरूनही सांगता येत नाही. त्यात आता मोबाईलच्या स्टेटसवर अस्सल मराठी घरातली मुलंही 'गर्व आहे मला' असं लिहितात. म्हणजे शब्द आमच्या डोळ्यांदेखत कूस बदलतोय.

मग 'अभिमान' घालावा, सोपं उत्तर. मीही उड्या मारत तोच घातला. पण त्या इतवारीच्या मुलानं पुन्हा मान हलवली. हिंदीत अभिमान म्हणजे अहंकार. अभिमानी माणूस म्हणजे नाक वर करून चालणारा. इकडचा गर्व तिकडे चांगला, इकडचा अभिमान तिकडे वाईट, अगदी आरशातल्यासारखं. पुण्यात बसून हा अनुवाद केला असता तर 'अभिमान' लिहून मोकळी झाले असते आणि कधी कळलंही नसतं.

तोड काढली ती भंडाऱ्याच्या एका मुलीनं. बराच वेळ गप्प होती. मी म्हटलं, काय झालं? "विचार करून राहिली ना मॅम." मग म्हणाली, "ताठ मानेनं सांगावं असं माझ्याजवळ फारसं काही नाही, असं लिहा ना." मी तिथल्या तिथं ते वहीत उतरवलं आणि उरलेल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. आजीवालीनं या वेळी 'असहमत' म्हटलं. "नाही मॅम, आहे ना. गावातून कॉलेजात येणारी मी पहिली मुलगी आहे." हे सांगताना ती हसली, आणि मला रडू यायचं बाकी होतं. आधीच्या फॉर्मनं तिचं हेच गिळून टाकलं होतं.

त्या बारा जणांनी बाकीच्या विधानांचंही पुष्कळ सांगितलं. 'एकंदरीत मी स्वतःबद्दल समाधानी आहे.' एमपीएससीची तयारी करणारा मुलगा म्हणाला, समाधानी झालो तर अभ्यास कोण करील? त्याला समाधानी म्हणजे थांबलेला माणूस. 'कधीकधी मी बिनकामाचा आहे असं वाटतं,' हे त्यानं हातात नोकरी नाही या अर्थानं घेतलं, आणि तो अर्थ काही चुकीचा नाही. 'अपयशी' म्हटलं की अर्ध्यांना विषय राहिलेला आठवला. आणि क्रियापदाचं काय करायचं? इंग्रजीत 'आय ॲम' म्हटलं की भागतं. मराठीत शकतो/शकते, असतो/असते, प्रत्येक ओळीत तिरकी रेघ. मुलींनी सांगितलं की 'तो' आधी दिसला की हा फॉर्म आपला नाही असं वाटतं. मी शक्य तिथं 'मला वाटतं', 'मला जमतं', 'माझ्यात आहे' अशी वळणं घेतली. दोन विधानं मात्र अजून वळत नाहीत.

सर्वांत मोठा धडा पर्यायांनी दिला. 'सहमत' हा शब्द पोरं बोलत नाहीत. सोपं म्हणून मी एकदा 'पटतं' करून पाहिलं होतं. सिरोंच्याच्या मुलानं 'मी अपयशी आहे असं मला वाटतं' याला 'पटत नाही' म्हटलं. का? "असं वाटून घेऊ नये ना माणसानं." त्याला स्वतःला वाटतं का, हे त्यानं सांगितलंच नाही. असा विचार योग्य की अयोग्य, याचा निकाल दिला. आता मी 'माझ्या बाबतीत अगदी खरं', 'बरंचसं खरं', 'फारसं खरं नाही', 'अजिबात खरं नाही' हे पर्याय ठेवलेत. परीक्षक विचारणार, मूळ पर्याय का बदलले? विचारू दे. माझ्याजवळ बारा जणांच्या उत्तरांची वही आहे.

नकारात्मक विधानांचा त्रास जगभर आहे हे वाचून जरा धीर आला. २००५मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ५३ देश, २८ भाषांतले अनुवाद, १६,९९८ माणसं. मापनीचा सांगाडा बहुतेक ठिकाणी टिकला, पण उलटी विधानं वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या अर्थानं घेतली जातात, म्हणून देशादेशांची थेट तुलना जपून करा, असं त्या अभ्यासकांनी लिहिलं. मी देश सोडा, इतवारी आणि गोंदिया एवढ्याच अंतरात अडकले होते.

पुन्हा घेण्याच्या चाचणीबद्दल थोडक्यात. तीच मापनी त्याच मुलांना दोन आठवड्यांनी द्यायची आणि गुण जुळतात का पाहायचं. मी तारीख धरली ती पोळ्याच्या पुढची. इकडे पोळा झाला की तान्हा पोळा, तो आटोपतो तोच गणपती, त्यात महालक्ष्म्या. होस्टेल रिकामं. जी परत आली ती जवळची, शहरातली. म्हणजे लांबून येणारी, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच गळली. हा भाग मी पुन्हा करणार आहे, आणि हिवाळी परीक्षेचे फॉर्म सुटायच्या आत. परीक्षेच्या तोंडावर गुण हलले तर मापनी डळमळीत की मुलं, हे कसं ओळखणार?

एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येते. फॉर्म गोळा करताना एक मुलगी मागे थांबली. सगळे गेल्यावर हळूच म्हणाली, "मॅम, माझे मार्क किती?" मी सांगितलं की याला मार्क नसतात, हे संशोधनासाठी आहे. ती म्हणाली, "तरी. कमी आहेत का जास्त, एवढंच सांगा."

मी तिला काय सांगणार होते? समजा तिचे २४ आले. विश्वसनीयता ०.८० धरली, गटातलं प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा पसारा, ५ धरलं, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे हलू शकतो ते, साधारण २.२ येते. दोन्ही बाजूंना त्याच्या दुप्पट जागा सोडली, तर तिचा खरा आकडा बहुधा २० ते २८मध्ये कुठंतरी आहे, एवढंच मी म्हणू शकते. २० आणि २८ यांच्यात किती फरक आहे! आणि हे विधानं धड असतील तर. तिच्या फॉर्मवर पाचवं विधान गर्ववालं होतं. शेकडो मुलांची सरासरी काढायला ही मापनी चालेल, एका मुलीला तिच्याबद्दल काही सांगायला नाही. तिला आकडा ऐकवला असता तर तो तिनं वर्षानुवर्षं जपला असता. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि तिलाच विचारलं, तुला काय वाटतं? ती अर्धा तास बोलली. बाहेर अंधारलं, तिला शंकरनगर स्टेशनवरून मेट्रो पकडायची होती, म्हणून उठलो. नंतर आमच्या समुपदेशक मॅडमशी मी तिची ओळख करून दिली.

काही कॉलेजांत फॉर्म भरून घेण्याची रीत मी पाहिलीय, नावं घेत नाही. तास संपायला दहा मिनिटं, शिक्षक दारात उभे, 'लवकर करा रे'. मुलं एकच रकाना वरून खाली टिक करत जातात. सरळ आणि उलट विधानांना तेच उत्तर, म्हणजे विधानं वाचलेलीच नाहीत. असे फॉर्म माझ्याही गठ्ठ्यात निघाले. ते मी काढून ठेवलेत, किती काढले ते प्रबंधात लिहिणार आहे. मॅडम म्हणतात नमुना कमी पडेल. दर विधानामागे दहा माणसं हा जुना ठोकताळा त्यांना प्रिय आहे, आणि मला मॅडम प्रिय आहेत, पण यावर आमचं अजून एकमत नाही.

सोमवारी नवा फॉर्म छापायला टाकते. पाचवं विधान भंडाऱ्याच्या मुलीच्या शब्दांत. आठवं अजून सुटलेलं नाही: 'मला स्वतःबद्दल आणखी आदर वाटायला हवा होता.' बारापैकी निम्म्यांनी म्हटलं, आदर तर दुसऱ्यानं द्यायचा असतो, स्वतःचा स्वतः कसा घेणार? 'स्वतःची किंमत' घालून पाहिलं तर एकीला हुंड्याची आठवण आली. सध्या दोन मसुदे आहेत आणि दोन्ही घेऊन मी बुधवारी पुन्हा त्याच व्हरांड्यात बसणार आहे. या वेळी अभियांत्रिकीची मुलंही बोलावलीत. गोंडी बोलणाऱ्या घरातलं कोणी यायला तयार असेल, किंवा तुमच्या ओळखीत कोणी असेल, तर नक्की सांगा. चहा आहेच.